वरच्या मळ्यातलं मीठ

बारशाच्या दिवशी सकाळी आठ वाजता बाळाच्या आजीनं गराजमध्ये शिडीवर चढून दारूच्या बाटल्या लपवाव्यात, असं दीपाच्या आईला कुणी सांगितलं असतं तर तिनं त्या माणसाला दारात उभं केलं नसतं. पण दीपा लपवत होती आणि श्रीरंग नाइटसूटवर खाली शिडी धरून उभा होता.

"एकेक खाली दे. मी ड्रायरमध्ये टाकतो," तो कुजबुजला.

"टाकतो काय? काच आहे ती! आणि बाळाची दुपटी कुठे वाळवायची मग?"

"आज एक दिवस नाही वाळवली तर काय आभाळ कोसळणार आहे? चल, आटप. तुझ्या विहीणबाई चारपासून उठून बसल्यात. अंगण झाडून झालं त्यांचं. आता कधी इकडे वळतील सांगता येत नाही."

भानगड अशी होती. त्यांची लेक रुही आणि जावई गावीनो यांच्या लग्नाला सात वर्षं झाली होती. गावीनोची आई ग्रात्सिया सार्डिनियात, समुद्रावरच्या एका टेकडीवर, तिच्या आईकडून आलेला द्राक्षमळा सांभाळायची. खत शेणाचं, फवारणी कसली नाही, वाइनमध्ये वरून चिमूटभर काही घालायचं नाही. दर डिसेंबरला तिथून टेक्सासमधल्या प्लेनोच्या या घरी लाकडी खोक्यात तीन बाटल्या यायच्या. सोबत एक माहितीचा कागद असायचा, गावीनोनं इंग्रजीत केलेला. आणि दर जानेवारीत दीपा आपल्या सुरेख अक्षरात ग्रात्सियाला पत्र लिहायची, की वाइन मिळाली, एक बाटली लगेच उघडली, घरात सगळ्यांना फार आवडली, उरलेल्या दोन खास प्रसंगासाठी जपून ठेवल्या आहेत.

जपून ठेवल्या हे खरं होतं. फक्त दोन नाही, तीन. सहा वर्षांत एकाही बाटलीचं बूच निघालं नव्हतं.

दीपाच्या मनात वाईट काही नव्हतं हो. चांगली वस्तू आली की ती नीट गुंडाळून वर ठेवायची, हे तिच्या हाताला लहानपणापासून लागलेलं वळण. शोकेसमधला निळ्या काठाचा डिनर सेट बत्तीस वर्षं तिथेच होता. नोकरी करत होती तेव्हा हॉस्पिटलच्या लॅबमधल्या बायकांनी वाढदिवसाला दिलेलं सेंट निम्मं उडून गेलं तरी पेटीतच होतं. मग एवढ्या लांबून आलेली वाइन काय मंगळवारच्या वरणभाताबरोबर उघडायची? श्रीरंगनं दोनदा विचारून पाहिलं होतं. तिनं दोन्हीदा "अहो, असू द्या, रुहीकडे काही गोड बातमी आली की उघडू," म्हणून त्याला गप्प केलं होतं.

आणि आणखी एक गोष्ट होती, ती दीपा कुणाला सांगत नसे. रुहीचं जमलं तेव्हा ती तीन दिवस रडली होती. मोठ्या नणंदेनं, रेणूताईंनी, तर त्या राहायच्या त्या आयसेलिनमध्ये, देशी दुकानांच्या ओक ट्री रोडवर ज्या ओळखीच्या बाईनं विचारलं तिला सांगितलं होतं, "आमची पोर दारूवाल्यांच्या घरात चाललीय." ते कानोकान रुहीपर्यंत पोचलं आणि रुहीनं ती राहायची तिथेच, रेडमंडला, कोर्टात जाऊन लग्न उरकलं. ना हळद, ना अक्षता. त्यानंतर पहिलं खोकं आलं तेव्हा दीपाला वाटलं होतं, बाईनं सगळं ऐकलेलं असणार, तरी पाठवलं. तेव्हापासून ती ग्रात्सियाचा मान ठेवायला जिवाचं रान करायची. निदान पत्रात तरी.

"आता हे तिसरं वर्ष," श्रीरंगनं वर पाहिलं. "यातली एक दे."

दीपानं खोक्यात हात घातला. "यात दोनच आहेत की."

"तीन होत्या ना?"

"असतील. अहो, मी काय रोज मोजते? बरं झालं, एक लपवायची कमी."

पाच बाटल्या ड्रायरमध्ये गेल्या. उरलेल्या बारा एका मोठ्या खोक्यात भरल्या. एकेका वर्षाच्या दोन दोन, पत्रात लिहिल्याप्रमाणे. आज नातीचं बारसं, याहून खास प्रसंग कुठला यायचा? जेवणानंतर सगळ्या टेबलावर मांडायच्या आणि विहीणबाईंच्या हातून उघडायच्या, असा दीपाचा बेत होता. शिडीवरून उतरताना ती स्वतःवर खूश होती.

बारसं झालं मात्र बघण्यासारखं! नाव ठेवायचा मान आत्याचा. पण बाळाची सख्खी आत्या होती सार्डिनियात, म्हणून रुहीची आत्या उभी राहिली. रेणूताई बहात्तर वर्षांच्या, हिरव्या नऊवारीत, ताठ. त्यांनी पाळण्यावर वाकून बाळाच्या कानात "कुर्रर्र" करून "प्रीता" म्हटलं, आणि जमलेल्या बायकांनी रीतीप्रमाणे त्यांच्या पाठीत धपाधप धपाटे घातले. ग्रात्सिया घाबरून उठलीच. म्हाताऱ्या बाईला सगळ्या मिळून मारतायत काय! गावीनोनं तिला घाईघाईनं समजावलं. ते ऐकून ती हसली, पुढे झाली आणि छाटणीची कात्री धरून धरून दणकट झालेल्या हातानं तिनं असा एक धपाटा दिला की रेणूताईंचा चष्मा पाळण्यात पडला.

"काय हात आहे बाईचा," रेणूताई पाठ चोळत दीपाला म्हणाल्या. "बैलगाडी हाकते की काय?"

"वन्सं, हळू. त्यांना थोडं थोडं कळतं."

"कळू दे. मी चांगलंच म्हणतेय."

दोनपर्यंत घुगऱ्यांचे पुडे घेऊन पाहुणे गेले. पाळण्यात प्रीता झोपली. टेबलाशी घरचीच माणसं उरली: श्रीरंग, दीपा, रेणूताई, रुही, गावीनो आणि ग्रात्सिया. ग्रात्सिया इटालियनमध्ये बोलायची आणि गावीनो ते इंग्रजी आणि आपल्या मोडक्या मराठीत सगळ्यांपर्यंत पोचवायचा. सात वर्षांत तो "आई, बास," "थोडं वाढा" आणि "रेणूआत्या, रागावू नका" एवढं पक्कं शिकला होता. रोजच्या जेवणाला ते पुरत होतं.

ग्रात्सिया पिशवीतून काहीतरी काढायला लागली तशी दीपानं हात वर केला.

"थांबा, थांबा विहीणबाई! आधी आमचं. अहो, आणा."

श्रीरंगनं खोकं आणलं आणि बारा बाटल्या वर्षवारीनं टेबलावर मांडल्या. दीपा बाजूला उभी राहून पदर सावरत होती, बक्षीस समारंभात मुलाचं नाव पुकारण्याची वाट बघावी तशी.

"हे सगळं तुमचं. एकेक उघडली होती तेव्हाच, आणि या दोन दोन जपल्या. आज सगळ्यांनी मिळून घ्यायच्या."

गावीनोनं भाषांतर केलं नाही. तो बाटल्यांकडेच बघत होता. ग्रात्सियानं पहिली बाटली उचलली. तिचं बूच बोटभर वर सरकलं होतं आणि मानेवर काळपट चिकट ओघळ वाळला होता. तिनं हलकेच काहीतरी विचारलं.

"ममा विचारते, या कुठे होत्या?" गावीनो म्हणाला.

"गराजमध्ये," दीपा अभिमानानं म्हणाली. "वरच्या कपाटात. कुणाचा हात लागू दिला नाही."

"आई!" रुही किंचाळली आणि पाळण्याकडे बघून आवाज खाली आणला. "आर यू सिरियस? टेक्सासमधलं गराज? समरमध्ये तिथे एकशे पाच डिग्री होतं! या वाइनमध्ये प्रिझर्व्हेटिव्ह नसतं. ही यंग प्यायची असते, वर्ष-दोन वर्षांत. त्या कागदावर लिहिलेलं असतं, तू वाचत नाहीस का?"

दीपा तो कागद नेमानं वाचायची. पत्रात लिहायला उपयोगी पडेल तेवढा. चेरी, डाळिंब, रानफळांचा वास, सगळं तिथूनच उतरवलेलं. खालच्या बारीक अक्षरांपर्यंत ती कधी गेलीच नव्हती.

ग्रात्सियानं पहिली बाटली उघडली आणि टेबलभर वास सुटला, झाकण ढिलं राहिलेल्या जुन्या लोणच्यासारखा. तिनं थोडी ग्लासात ओतली. रंग लाल राहिलाच नव्हता, विटकरी झाला होता. श्रीरंगनं धीटपणे घोट घेतला आणि बेसिनकडे गेला. दुसऱ्या वर्षाची उघडली, तीच गत.

"फेकून नका देऊ," रेणूताई नाक पुढे करून म्हणाल्या. "काकडीवर घालायला झकास होईल."

"आत्या, प्लीज," रुही म्हणाली.

ग्रात्सिया रागावली नव्हती. तिनं पुढच्या बाटल्या एकेक करून उलट्या फिरवून बघितल्या आणि तिसऱ्या वर्षाच्या दोन्ही वेगळ्या काढल्या. त्यांच्या पाठीमागच्या लेबलवर पेननं एक छोटीशी फुली होती. तिनं त्यातली एक उघडून ग्लासात ओतली, वास घेतला, डोळे मिटले आणि ग्लास खाली ठेवला; तीही आंबली होती. मग पर्समधून एक घडी घातलेला कागद काढला. दीपानं आपलं अक्षर लांबूनच ओळखलं.

ग्रात्सिया हळूहळू बोलायला लागली आणि गावीनो तिच्या मागे मागे, शब्द शोधत.

"आमचा मळा दोन भागांत आहे. खालचा सपाट, वरचा टेकडीवर. वरच्या वेली आजीनं, म्हणजे ममाच्या आईनं लावल्या. तिथे ट्रॅक्टर जात नाही. द्राक्षं थोडीच येतात. माझा मोठा भाऊ म्हणतो, उपटून टाकू. ममा दरवर्षी नाही म्हणते. मग चार वर्षांपूर्वी तीसुद्धा दमली. हो म्हणाली. त्या वर्षी तिनं वरच्या द्राक्षांची वाइन वेगळी केली. पहिल्यांदा आणि शेवटची म्हणून. म्हणजे, निरोप." त्यानं आईकडे बघितलं. "मलासुद्धा हे माहीत नव्हतं."

ग्रात्सिया पुढे बोलली. आता ती सरळ दीपाकडे बघत होती.

"ती म्हणते, तिचा स्वतःच्या जिभेवर विश्वास नाही. त्या वाइनमध्ये तिला तिची आईच लागते. म्हणून तिनं फुली करून तुम्हाला पाठवली, काही न सांगता. परक्या माणसानं सांगावं म्हणून. आणि तुमचं पत्र आलं."

ग्रात्सियानं कागद उलगडला आणि स्वतःच, अडखळत, इंग्रजीतून वाचलं. आमच्याकडे जांभूळ नावाचं एक काळंजांभळं फळ असतं, ही वाइन तशी लागते, आणि गिळल्यावर जिभेच्या टोकाला कणभर मीठ राहतं.

"मीठ," गावीनो म्हणाला. त्याचा आवाज बदलला होता. "वरच्या मळ्यावर समुद्राचा वारा थेट येतो. आजी म्हणायची, वरच्या द्राक्षांत मीठ आहे. आम्ही सगळे हसायचो. ते कुठल्याच कागदावर लिहिलेलं नाही. ममानं हे पत्र भावाला दाखवलं आणि म्हणाली, टेक्सासमधल्या बाईला कळलं, तुला कळत नाही. वेली राहिल्या. पण आता या जानेवारीत तो वेली उपटायचं मशीन मागवतोय. म्हणून ती गेल्या वर्षीची वरच्या मळ्याची घेऊन आलीय. तुम्ही परत चव घ्या. तुम्ही मीठ म्हणालात तर ती भावाला नकार देणार. नाही म्हणालात तर हट्ट सोडणार. तिनं तसं ठरवूनच विमान पकडलं."

दीपाला आपले कान गरम झाल्याचं कळत होतं.

"मी... जरा चहा टाकते," असं म्हणून ती स्वयंपाकघरात गेली. दुपारच्या अडीच वाजता, जेवण झाल्या झाल्या चहा! श्रीरंग लगेच मागोमाग आला.

"हे बघ, डोकं शांत ठेव," तो म्हणाला. "एक घोट घ्यायचा आणि म्हणायचं, हो, मीठ आहे. विषय संपला. तिच्या वेली राहतात, तुझी अब्रू राहते. कुणाचं काय गेलं?"

"आणि पुढच्या वर्षी? परत लिहू, मीठ आहे?"

"लिही की. एक ओळ तर लिहायची."

"अहो, मी आयुष्यात वाइनचा थेंब घेतलेला नाही. ती बाई इतक्या लांबून माझ्या जिभेवर भरवसा ठेवून आलीय. मला कसं कळणार मीठ आहे की साखर?"

"मग ते मिठाचं लिहिलंस कुठून?"

"मी कुठून लिहिणार? मला सुचेना. दर वर्षी तेच ते चेरी आणि डाळिंब, त्यांना काय वाटेल! फोनवर वन्संना म्हटलं, काय लिहू सांगा. त्यांनी पट्‌कन सांगितलं, लिही जांभळासारखी लागते आणि शेवटी मीठ राहतं. मी लिहून टाकलं."

"ताईनं?" श्रीरंग हसायलाच लागला. "ताईला काय माहीत वाइनचं? ठोकून दिलं असेल तिनं."

"तेच म्हणतेय मी! ठोकून दिलेल्या वाक्यावर त्या बाईच्या आईच्या वेली उभ्या आहेत."

दारात रुही उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. मघापासून ती आईच्या बाजूनं नव्हती, आणि आता तर तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

"सो, यू नेव्हर ओपन्ड इट," ती म्हणाली. "एकही नाही. मला वाटायचं, निदान वाइन तरी तुम्ही दोघं घेता. मी गावीनोला सांगायचे, दे आर कमिंग अराउंड. आई, मला वाटायचं तू त्या लोकांना घरात घेतलंयस."

हे मात्र दीपाला लागलं. गॅस बंद करून ती लेकीसमोर उभी राहिली.

"घेतलंय गं. माझी पद्धत चुकली. मला आवडलेलं मी कपाटात ठेवते, मला दुसरं येतच नाही. तुझ्या पहिल्या पगाराची साडी तरी नेसले का मी अजून?"

रुहीनं नाक ओढलं. "नाही."

"मग? ती आवडली नाही म्हणून का?"

"आई, यू आर इम्पॉसिबल." पण तिनं आईच्या खांद्यावर डोकं टेकवलं. "आता काय करणार?"

"खरं सांगणार. दुसरं काय? चल, इंग्रजीत मी अडकले की तू सांग."

"मी सांगतो," श्रीरंग म्हणाला. "मी ड्रायरमधल्या पण घेऊन येतो. सगळंच एकदम होऊन जाऊ दे."

"कुठल्या ड्रायरमधल्या?" रुहीनं विचारलं, पण तोवर श्रीरंग निघाला होता.

दीपा टेबलाशी परत आली ती बसली नाही. उभ्यानंच, ग्रात्सियाकडे बघत, शाळेत पाठांतर म्हणावं तसं तिनं सांगून टाकलं. आम्ही कधीच उघडली नाही. सहा वर्षांत एकही. चेरी, डाळिंब तुमच्याच कागदावरून घेतलं. तुम्ही मनापासून पाठवत होतात आणि मी खोटं लिहीत होते. माझं चुकलं. आणि मिठाचं तर मला ठाऊकच नाही, ते वन्संनी फोनवर सांगितलं.

श्रीरंगनं पाच बाटल्या आणून बाकीच्यांच्या शेजारी ठेवल्या. एका बाटलीला बाळाचा पिवळा मोजा चिकटला होता. तो त्यानं काढून खिशात घातला.

गावीनो भाषांतर करत होता आणि दीपा विहिणीच्या चेहऱ्यावर राग कधी येतोय याची वाट बघत होती. तो काही येईना. चेरी आणि डाळिंबाशी ग्रात्सिया उलट किंचित हसलीच. ती काहीतरी म्हणाली.

"ती म्हणते, ते तिला माहीत होतं," गावीनो लाजत म्हणाला. "तो कागद तीच लिहिते. दर वर्षी तिचेच शब्द तिला परत यायचे. फक्त मीठ तिचं नव्हतं." मग आईकडे कान देऊन तो म्हणाला, "आणि ती विचारते, मीठ हे कुणी उगाच म्हणत नाही. चव घेतल्याशिवाय वाइनला खारट कोण म्हणेल?"

सगळ्यांच्या माना एकदम रेणूताईंकडे वळल्या.

रेणूताई पाळण्याची दोरी ओढत होत्या. प्रीता गाढ झोपलेली असताना त्या ती जरा जास्तच जोरात ओढत होत्या.

"वन्सं?"

"काय वन्सं वन्सं? मी सहज म्हटलं होतं."

"ताई," श्रीरंग हळूच म्हणाला, "तिसऱ्या वर्षाच्या दोनच बाटल्या का आहेत गं?"

रेणूताईंनी दोरी सोडली. पदर खोचला. भांडायच्या आधी त्या खोचायच्या तसाच.

"मी नेली," त्या म्हणाल्या. "त्या वर्षी आले होते ना चार दिवस, तेव्हा सूटकेसमध्ये शालीत गुंडाळून नेली. घाला आता धपाटे."

"आत्या!" रुहीनं दोन्ही हात तोंडावर ठेवले.

"अगं, सगळ्या आयसेलिनला सांगत फिरले ना मी, आमची पोर दारूवाल्यांकडे गेली म्हणून? आणि मग तू माझ्याशी बोलेनास. एकटीच बसायचे त्या फ्लॅटमध्ये. म्हटलं, एवढं बोललो आपण, निदान बघावं तरी पोर कुठल्या घरात गेलीय. आठ दिवस रोज थोडी थोडी घेतली. स्टीलच्या फुलपात्रातून."

"आणि?" हे गावीनोनं विचारलं.

"आणि काय? चांगली होती. वाईट माणसांच्या हातची नव्हती, एवढं कळलं मला."

श्रीरंगला हसू आवरत नव्हतं. "बरोबर काय खात होतीस? शेंगदाणे? खारे असतील, म्हणून मीठ लागलं तुला."

"काही खारे नव्हते!" रेणूताई उसळल्या. "बीपी आहे मला. सात वर्षं मीठ बंद आहे माझं. अळणी खाऊन खाऊन जीभ अशी झालीय की कुणी शेजारच्या घरात मीठ सांडलं तरी मला कळतं. त्या वाइनमध्ये मीठ होतं. म्हणजे होतं! मशीन घेऊन येणाऱ्याला सांगा, हवं तर मी येते तिकडे."

गावीनोनं हे सगळं, फुलपात्र आणि शेजारच्या घरातल्या मिठासकट, आईला सांगितलं. ग्रात्सिया ऐकता ऐकता उठली. टेबलाला वळसा घालून रेणूताईंजवळ गेली आणि त्यांचे दोन्ही हात हातात घेऊन उभी राहिली. ती रडत होती. रेणूताईंना असल्या गोष्टींची सवय नव्हती. त्या इकडे तिकडे बघत राहिल्या आणि मग त्यांनी विहिणीच्या पाठीवर हात फिरवला.

"असू दे, असू दे," त्या म्हणाल्या. "सकाळी केवढा हाणलात मला. आता रडताय काय?"

रुही हसली आणि हसता हसता आत्याच्या गळ्यात पडली. सात वर्षांत पहिल्यांदा. दीपानं ते पाहिलं आणि तिचा जीव भांड्यात पडला. आज हिला, उद्या तिला जपत, कोण कुणाशी बोलत नाही ते लक्षात ठेवत ती सात वर्षं या घरात वावरली होती. तिला एकदम खूप हलकं वाटलं.

मग ग्रात्सियानं पिशवीतून आपली बाटली काढली. मागच्या लेबलवर फुली होती. गावीनो ग्लास शोधायला उठला तर दीपानं त्याला थांबवलं, शोकेसची किल्ली काढली आणि निळ्या काठाच्या डिनर सेटमधले ग्लास एकेक करून बाहेर आणले. बत्तीस वर्षांनी. एकावर अजून दुकानाचं स्टिकर होतं.

ही वाइन काचेत उतरली तेव्हा कुठे दीपाला कळलं की बाकीच्या बाटल्यांचं काय झालं होतं. हिचा रंग स्वच्छ, पिकल्या करवंदाचा. वाससुद्धा फळाचाच. ग्रात्सियानं पहिला ग्लास रेणूताईंना दिला आणि दुसरा दीपाच्या हातात ठेवला.

रेणूताईंनी घोट घेतला, जीभ टाळ्याला लावून आवाज केला आणि मान डोलावली. "आहे. या खेपेला जरा जास्तच आहे."

आता सगळे दीपाकडे बघत होते. श्रीरंग भुवया उंचावून खुणावत होता, म्हण ना, म्हण. दीपानं डोळे मिटून घोट घेतला. आधी आंबट लागलं, मग सगळं तोंड कोरडं पडलं, कच्चं जांभूळ खाल्ल्यासारखं. तिनं तोंड वेडंवाकडं केलं. दुसरा घोट घेतला. तो बरा गेला. तिसऱ्याला घशात ऊब उतरली आणि मागे फळाची गोडी आली, अगदी उशिरा. मिठाची तिनं मनापासून वाट पाहिली.

"छान आहे," ती डोळे उघडून म्हणाली. "पहिला घोट नाही आवडला मला. तिसरा आवडला. पण विहीणबाई, खरं सांगू? मीठ काही लागलं नाही."

श्रीरंगनं कपाळाला हात लावला. गावीनोनं घाबरत घाबरत भाषांतर केलं.

ग्रात्सिया खळखळून हसली. बाळ जागं होईल म्हणून तोंडावर हात धरला तरी हसत राहिली. मग डोळे पुसत तिनं दोन वाक्यं सांगितली.

"ममा म्हणते, तुमच्या आमटीत मीठ किती असतं ते ती तीन दिवस खातेय, तुम्हाला कसं लागणार? आणि म्हणते, सहा वर्षांत तुमचं पहिलं पत्र आज मिळालं." गावीनो एवढं बोलून थांबला, आईकडे वळला, तिला पुन्हा काहीतरी विचारलं. तिनं मान हलवली, हो म्हणून. "आणि म्हणते, पुढच्या वर्षी परत घेऊन बघा. पुढच्या वर्षी नाही लागलं तर त्याच्या पुढच्या वर्षी."

"पुढच्या वर्षी?" रुहीनं विचारलं. "मग जानेवारीतलं ते मशीन?"

"नाही येणार," गावीनो म्हणाला. "भावाला फोन ती आत्ताच करणार आहे. रेणूआत्यांना शेजारी बसवून."

रेणूताईंनी पदर सारखा केला आणि खुर्ची पुढे ओढली.

ग्रात्सियाच्या पिशवीत वरच्या मळ्याच्या आणखी दोन बाटल्या होत्या. सवयीनं श्रीरंगनं त्या बाहेर काढल्या, एकेका काखेत एकेक घेतली आणि गराजच्या दाराकडे चालू लागला.

"अहो, तिकडे कुठे निघालात?" दीपा म्हणाली. "उद्या मंगळवार. वरणभात आहे. टेबलावरच राहू द्या."